पंगतीतला आकडा

चितेवर ठेवलेला माणूस उठून बसला आणि "अहो, मी जिवंत आहे," म्हणाला, तर बाकीचे लोक स्मशान सोडून पळत सुटतील. आमचे अर्थशास्त्राचे सर तेवढे जागेवर उभे राहतील आणि चष्मा सारखा करून त्याला विचारतील, "कशावरून?"

कॉलेजात त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे 'कशावरून' म्हणत. एकदा पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या तोंडून ते समोरच निसटलं. पोरगं भीतीने पांढरं पडलं. सर शांतपणे म्हणाले, "मला हे नाव पडलंय असं तुला कोणी सांगितलं? एकाने की दोघांनी?"

सर मूळचे देशावरचे. नोकरीसाठी वसईला आले, विरारला फ्लॅट घेतला आणि इथलेच होऊन गेले. उंच, जरा पुढे झुकलेले, आणि हातात बारा महिने छत्री. भर मार्चमध्ये छत्री कशाला, असं कोणी विचारलं की म्हणत, "पाऊस नाही असं रेडिओवाला सांगतो. रेडिओवाला मुंबईत बसतो, मी विरारला राहतो. त्याला माझ्या डोक्यावरचं काय दिसणार?" सांगणारा कुठे बसून सांगतोय ते आधी बघायचं, हा त्यांचा पहिला नियम. सांगून त्याला काय मिळणार आहे ते बघायचं, हा दुसरा. तिसरा नियम नव्हता. "एवढे दोन पाळलेत तरी आयुष्यात बराच वेळ गप्प बसावं लागतं," असं ते म्हणत, आणि स्वतः मात्र कधीच गप्प बसत नसत.

त्यांची हजेरी म्हणजे कोर्टच. मुलगा "हजर" म्हणाला की सर मान वर करत. आवाज आला म्हणजे माणूस आला असं नव्हे, शेजारच्याची साक्ष लागायची. बरं, शेजारी मित्र असेल तर त्याची साक्ष बाद. मित्र काय, काहीही सांगेल. भांडण असलेल्याची साक्ष तेवढी ग्राह्य. ह्याचा परिणाम असा झाला की मागच्या बाकावरची जिवलग पोरं सरांच्या तासापुरती एकमेकांची कॉलर धरून बसायची. "तो नालायक आलाय, सर," असं एकाने दात-ओठ खात सांगितलं की सर समाधानाने टिक करत. तो नालायक तेव्हा बऱ्याचदा कँटीनमध्ये वडापाव खात असे.

घरीही तीच तऱ्हा. काकूंनी "गॅस संपला" म्हटलं की सर उठून सिलिंडर हलवून बघत. काकू "अहो, मीठ जास्त पडलंय, थोडं पाणी घालते" म्हणाल्या की आधी चव घेत आणि मग "हो, पडलंय" असा निकाल देत. काकू मोठ्या मिश्कील. त्या आम्हाला म्हणत, "आमचं लग्न झालंय कशावरून, एवढं अजून विचारलं नाहीत, ते माझं नशीब." त्यावर सर गंभीरपणे म्हणत, "फोटो आहे. पण त्यात मुंडावळ्यांमुळे दोघांचे चेहरे दिसत नाहीत."

वसईच्या मासळीबाजारात एकदा मी आईबरोबर गेले होते, तर शेजारच्या पाटीपुढे सर उभे. "बोंबील ताजे कशावरून?" चालूच होतं. मासे विकणारी मावशी पानाची पिंक बाजूला टाकून म्हणाली, "मास्तर, माजं नको आयकू. तो समोर पडलाय ना, त्यालाच इचार, कवा मेला तो!"

सर खरोखर विचारात पडले. मग मान डोलवत म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. घटनेला हजर तोच होता," आणि निमूट बोंबील घेतले.

माझी आई घरी येईपर्यंत पदरात तोंड खुपसून हसत होती. दारात आल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. "असल्या मानसाच्या हातात तुजं पास होनं हाय?" ती म्हणाली. "मंग कठीन हाय बाय."

आणि कठीणच होतं. वसईजवळच्या होळी गावात आमची भाजीची वाडी. आमच्या घरात बी.ए. होणारी मी पहिलीच, आणि ही बातमी बाबांनी वांगी-मुळ्याच्या पाट्यांबरोबर अख्ख्या बाजारात पोचवलेली. मी बी.ए. झाल्याचं बाजाराला कळून चुकलं होतं, फक्त विद्यापीठाला कळायचं बाकी होतं. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागे, आणि प्रकल्पावर सरांची सही नसली तर परीक्षेला बसता येत नसे. सरांची सही! ज्या माणसाने पोस्टमनने आणलेल्या रजिस्टरच्या पावतीवरसुद्धा "आज हीच तारीख आहे कशावरून?" असं विचारून सही केली होती, त्याची.

प्रकल्पाचा विषय 'आपल्या तालुक्यातील गरिबी'. माझी जोडीदार ज्युडिथ. ती नंदाखाल गावची, केळीच्या बागेतली, तोंडाने फटकळ, आणि तिच्याकडे मोपेड होती. आम्ही गाइड, वर्तमानपत्राच्या पुरवण्या आणि आदल्या वर्षीच्या मुलांचा प्रकल्प समोर ठेवून दोन दुपारींत गरिबी संपवली. पहिलंच वाक्य झोकात लिहिलं होतं: 'गरिबी हा मानवजातीला मिळालेला शाप आहे.'

सरांनी पेनचं टोक त्या वाक्यावर ठेवलं. "कोणी दिला?"

"काय, सर?"

"शाप. कोणी दिला, कधी दिला, कशाबद्दल दिला?"

ज्युडिथ म्हणाली, "सर, आमच्यात शाप नसतो."

"मग तुझ्या प्रकल्पात कसा आला?"

पुढे लिहिलं होतं, 'तालुक्यातील बहुतांश जनता अर्धपोटी झोपते.' सरांनी आम्ही दोघी काल काय जेवलो ते विचारलं. मी वालाचं बिरडं सांगितलं. ज्युडिथने कोळंबीचं कालवण सांगितलं, भात सांगितला, वर राजेळी केळं सांगितलं, आणि आणखी काही सांगणार तेवढ्यात मी तिला चिमटा काढला. "म्हणजे बहुतांशमध्ये तुम्ही दोघी नाही," सर म्हणाले. "कोण आहे ते बघून या. पुरवणीवाला पुण्यात बसून तुमच्या खाडीकाठचं पोट मोजतोय. तुमच्याकडे मोपेड आहे ना?"

आम्ही खाडीकाठच्या एका गावात गेलो. कागद-पेन घेऊन दारोदार विचारू लागलो, घरात माणसं किती, कमावती किती, जमीन किती. नेमकी तेव्हा रंगीत रेशनकार्डं निघाली होती. गरिबाला पिवळं, मधल्याला केशरी, श्रीमंताला पांढरं. आमच्या हातातला कागद बघून गावात एकच बोभाटा झाला की पिवळ्या कार्डाची नावं घ्यायला दोन बाया आल्यात. दुसऱ्या दिवशी गेलो तर देवळापाशी रांग. सगळं गाव एका रात्रीत भिकेला लागलेलं. बायकांनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या, पण उन्हात रापलेल्या मनगटांवर बांगड्यांच्या जागी गोरे पट्टे लखलखत होते. आम्ही निष्ठेने सगळ्यांना 'गरीब' लिहिलं आणि सरांपुढे नेऊन ठेवलं. सर म्हणाले, "एवढे गरीब? मला बघायचेत."

रविवारी सर छत्रीसह आले. त्यांचा तो उंच, वाकलेला, संशयी अवतार बघून गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. रेशनचे मोठे साहेब! कोणी शहाळं आणलं, कोणी केळ्यांचा फणा आणला, एकाने तर पाय बांधलेली कोंबडी आणून त्यांच्या छत्रीशेजारी ठेवली. सर एका कौलारू घरात शिरले. घरधन्याने गळकी कौलं दाखवली, रिकामी कणगी दाखवली. सरांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे चादरीखाली काहीतरी चौकोनी उभं होतं.

"ते काय?"

"देव हायेत, साहेब."

"झाकलेत का?"

"सोयर हाय घरात."

"देवाची वायर खाली लोंबतेय."

घरधनी डोळ्याची पापणी न लवता म्हणाला, "लायटिंग हाय ती. गनपतीपासून काडायची राह्यलीय."

सरांनी क्षणभर त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "उत्तर चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आतून बातम्या ऐकू येतायत." घाईघाईत झाकताना टीव्ही बंद करायचा राहून गेला होता.

गावाच्या टोकाला, मिठागराच्या बाजूला एक झोपडं होतं. तिथली म्हातारी रांगेत आलीच नव्हती. मिठागरावर काम करून तिच्या पायांना भेगा पडलेल्या. आम्ही विचारलं तर म्हणाली, "माजं बरं हाय. काय कमी नाय. बसा, चा करते." आम्ही नको नको म्हणत असताना ती मागच्या दाराने गेली, आणि कुडाच्या फटीतून शेजारणीकडून वाटीभर साखर मागताना आम्हाला दिसली. सरांनी चहा घेतला. कशाचाही पुरावा मागितला नाही.

बाहेर बांधावर आल्यावर त्यांनी विचारलं, "हिचं काय लिहिलंत?"

"काही कमी नाही, असं."

"आणि त्या देवाच्या वायरवाल्याचं?"

"गरीब."

"दोघंही खोटं बोलली. तो कार्डासाठी बोलला. ही कशासाठी बोलली?"

"अब्रूसाठी, सर," ज्युडिथ म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता.

सर म्हणाले, "ती काय म्हणाली ते लिहा. त्याखाली, आपण काय पाहिलं तेही लिहा." मला ह्या माणसाबद्दल आदर वाटला तो तिथे, त्या बांधावर. मागून एक पोरगी ती कोंबडी घेऊन धावत येत होती, म्हणून आम्हाला लगेच निघावं लागलं.

प्रकल्प आता बरा दिसू लागला होता. पण ते एका गावाचं झालं. सगळ्या तालुक्यात गरीब किती? त्यासाठी आमच्याकडे एकच आकडा होता, आदल्या वर्षीच्या प्रकल्पातून उचललेला. मोठा देखणा आकडा. त्यात दशांश चिन्ह होतं, आणि दशांश चिन्ह असलं की आकडा आंघोळ करून, गंध लावून बसल्यासारखा दिसतो. सरांनी त्याच्याभोवती लाल गोल काढला. "हा कुठून आला? मूळ शोधून आणा. मग सही."

आदल्या वर्षीच्या मुलाने सांगितलं, मी एका पतपेढीच्या स्मरणिकेतून घेतला. स्मरणिका शोधली. त्यात तो आकडा एका पुढाऱ्याच्या भाषणात होता. पुढाऱ्याच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस हसून म्हणाला, "साहेब भाषण करतात, लिहीत नाहीत. ते लिहितात आपले साप्ताहिकाचे संपादक." संपादकांचा छापखाना वसईच्या बाजारपेठेत होता. साप्ताहिक ते जमेल तसं काढत. एरवी लग्नपत्रिका छापत. आम्ही गेलो तेव्हा ते शाईच्या हातांनीच एका पत्रिकेचं प्रूफ तपासत होते.

"तो आकडा?" ते खुशीत म्हणाले. "अगं, तो तुमच्याच सरांचा! विरारला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलो होतो. मला भाषण पुरं करायचं होतं. म्हटलं, सर, तालुक्यात गरीब किती, एक आकडा द्या. दिला की. दशांश चिन्हासकट."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना विचारलं नाहीत, कशावरून?"

"त्यांना?" संपादक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले. "तो माणूस पुराव्याशिवाय जांभई देत नाही. त्यांना कोण विचारणार?"

बाहेर आलो. मोपेडला टेकून दोघी उभ्या राहिलो. सरांना हे सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. न सांगावं तर सही नाही, सही नाही तर परीक्षा नाही, आणि बाबांनी तर बाजारात पेढ्यांची चौकशीही करून ठेवली होती.

"तू सांग," ज्युडिथ म्हणाली. "तुमच्यात शाप असतो. तुला सवय आहे."

शेवटी आम्ही विरारला सरांच्या फ्लॅटवर गेलो आणि ठरवल्याप्रमाणे सांगितलं, "सर, मूळ सापडलं नाही." दुसऱ्याच दिवशी प्रकल्प द्यायचा होता.

"सापडलं नाही म्हणजे कुठेतरी थांबलात. कुठे थांबलात?"

"संपादकांकडे."

"त्याने कोणाचं नाव सांगितलं?"

"आठवत नाही," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

"दोन साक्षीदार एकदम विसरले, म्हणजे वाटेत ठरवून आले," सर म्हणाले आणि प्रकल्प आमच्याकडे सरकवला. "सही नाही."

मी मुळात तापट. एवढी उन्हातान्हातली वणवण, त्यावर हे. माझ्या तोंडून फाडकन निघालं, "तुमचं नाव सांगितलं, सर! आकडा तुमचाच आहे!"

सरांनी चष्मा काढला. "कशावरून?" पण ह्या वेळी आवाज नेहमीचा नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सवयीने म्हणाले, "ही एकाची साक्ष झाली. माझं नाव जोडलं की त्याच्या आकड्याला वजन येतं. त्याचा फायदा आहे त्यात. दुसरा साक्षीदार कोण?"

"मी," काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाल्या.

"तू? बायकांची पंगत वेगळी होती."

"पंगत वेगळी होती, पण तुमच्या पंगतीत जिलेबी मी वाढत होते. तुम्ही आकडा सांगितलात आणि माझ्याकडे बघून डोळा मारलात. ह्या वयात, चारचौघांत! मी विसरेन होय?"

ज्युडिथला हसू आवरेना. तिने तोंडावर रुमाल धरला. सर मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत मागे टेकले, आणि मला ते एकदम म्हातारे दिसले.

"आठवलं," ते म्हणाले. "गंमत केली होती गं मी. तो पाठच सोडत नव्हता. दशांश तर मुद्दाम घातला, म्हटलं आता तरी ह्याला संशय येईल, आता विचारेल, कशावरून. मी वाट बघत बसलो. त्याचा उजवा हात जिलेबीने बरबटलेला, म्हणून त्याने डाव्या हाताने कसाबसा पत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतला. विचारलंच नाही. आणि नंतर मी विसरून गेलो."

मला फार वाईट वाटलं. आपण गप्प बसायला हवं होतं असंही वाटलं. काकूंनी कप त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घ्या, गार होतोय." सरांनी मुकाट्याने कप उचलला.

ज्युडिथ म्हणाली, "सर, आकडा काढून टाकतो आम्ही. तुमचं नाव कशाला?"

"काढलात तर पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा स्मरणिकेतून घेतील. राहू दे. खाली टीप लिही." आणि त्यांनी सांगितली: 'हा आकडा निराधार असून तो,' पुढे स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा, कॉलेज, 'यांनी विरार येथे एका लग्नाच्या पंगतीत मनाने बनवून सांगितला.' मी लिहिताना 'मनाने बनवून' गाळायला बघत होते. त्यांनी कागद ओढून वाचला आणि ते शब्द घालायला लावले. मग सही केली.

आम्ही पास झालो, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. बाबांचे पेढेही वाटून झाले. पण त्याआधी तोंडी परीक्षा झाली. मुंबईहून बाहेरचे परीक्षक आले होते, जाडजूड, घामाघूम. टेबलापलीकडे ते आणि त्यांच्या शेजारी आमचे सर, अलीकडे आम्ही दोघी. परीक्षक पानं उलटत उलटत त्या टिपेशी आले. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग शेजारी बघितलं, आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हा काय चावटपणा आहे?"

ज्युडिथने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

सर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आणली, आणि ज्युडिथच्या शेजारी ठेवून तीत बसले.

"हे काय, प्रोफेसर?"

"ह्या दोघींनी माझ्यापर्यंत माग काढलाय. ज्याचा माग काढला त्याने परीक्षकाच्या खुर्चीत बसणं बरं दिसत नाही," सर म्हणाले. "विचारा."

परीक्षकांना हसावं की रागवावं ते कळेना. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, तीही आमच्या सरांनाच. कोणतं लग्न? आकडा कसा सुचला? छापून आल्यावर आक्षेप का घेतला नाहीत? सर रुमालाने मान पुसत होते, मध्येच अडखळत होते, पण एकही प्रश्न त्यांनी टाळला नाही. आम्हाला कोणी काही विचारलंच नाही.

शेवटी परीक्षकांनी प्रकल्प मिटला. "ठीक आहे. तो आकडा खोटा. मग तुमच्या तालुक्यात गरीब नेमके किती आहेत?"

मी ज्युडिथकडे बघितलं, ज्युडिथने जमिनीकडे. सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि एखाद्या विद्यार्थ्यासारखे ताठ बसून म्हणाले,

"आम्हाला माहीत नाही, सर."